पंख्याच्या हुकाला लेथ टांगू का?

पत्र थोडक्यात असं : दक्षिण पुण्यात १९७८ सालच्या बंगल्यात राहणारे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. आता गॅरेजात स्वतःचं वर्कशॉप उभं करतायत. साडेचार फुटी जुनं लेथ (धातू कातायचं यंत्र) ठरवलंय. विकणारा म्हणतो, “पाचशे किलो असेल.” ते टेम्पोतून उतरवायचं, गॅरेजात चार इंची चौथऱ्यावर बसवायचं, आणि पुढे भावाच्या जुन्या बुलेटचं इंजिन काढायचं, असा बेत आहे. गॅरेजची उंची ९ फूट, खाली शहाबादी फरशी, वर मुलाची खोली. ४०० किलोचा इलेक्ट्रिक होइस्ट (विजेवर ओझं वर ओढायचं यंत्र) त्यांनी ऑनलाइन बघून ठेवलाय. स्लॅबला पंख्याचे दोन हुक आहेत. सिव्हिलला तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणतो, हुक नको, स्लॅबला आरपार भोक पाडून वरून प्लेट टाकू. लिफ्टची कामं करणाऱ्या मित्राने वायर रोपचा तुकडा फुकट दिलाय. पत्नीचं म्हणणं, सरळ क्रेन बोलवा. त्यांचा प्रश्न : “इलेक्ट्रिक घेऊ की चेन ब्लॉक (हाताने ओढायचा साखळीचा होइस्ट)? आणि हे सगळं मला एकट्याला जमलं पाहिजे. सारखं कुणाला हाका मारत बसायचं नाही.”

नमस्कार,

तुमच्या पत्रात होइस्टची मोटर, रिमोट आणि वेग यांवर सहा ओळी आहेत, आणि तो ज्याला टांगायचा त्यावर दीड. बहुतेकांचं असंच होतं. साखळी-मोटर दुकानात हात लावून बघता येते, तिचा भाव करता येतो. छत घरचंच असतं, त्याच्यावर कोण संशय घेणार? म्हणून मी तुमच्या प्रश्नाकडे उलटीकडून येतो. आधी छत, मग साखळी, मोटर सगळ्यात शेवटी.

पंख्याच्या हुकाचं लगेच संपवू. पंखा असतो चार-पाच किलोचा. तो हुक म्हणजे स्लॅब ओतताना अडकवलेली वाकडी सळी. ती किती जाडीची आहे, आत कशाला बांधलीय की नुसतीच काँक्रीटमध्ये खुपसलीय, आणि सत्तेचाळीसेक पावसाळ्यांनी तिचं काय केलंय, हे तुम्हाला दिसत नाही आणि मलाही नाही. तिला पंखाच राहू द्या.

भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि निम्मं बरोबर असलेला सल्ला जास्त घातक. आरपार बोल्ट आणि वर प्लेट घेतली तर बोल्ट उपटून येत नाही, हे खरं. नुसते अँकर फास्टनर (भोकात फुगून बसणारे बोल्ट) ठोकण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण स्लॅबची खालची बाजू मधोमध ताणाखाली असते, तिथे केसासारख्या चिरा असतातच, आणि फास्टनर नेमका त्याच चिरांतून ओढला जातो. पण बोल्ट टिकला म्हणजे स्लॅब टिकला असं नाही. भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरातला भार धरतात. माणसं, कॉट, कपाट असा तो पसरलेला भार. तुम्ही एका बिंदूला पाचशे-सहाशे किलो लटकवणार, त्याच्या वर मुलाची खोली जशीच्या तशी, आणि भोक पाडताना एखादी सळी किंवा वायरिंगचा पाइप कापला गेला तर ते वेगळंच. शिवाय भार झटक्याने आला की तो वजनाच्या दुपटीने लागतो, हे तुम्ही टूलरूमवाले जाणताच. साखळीचा एखादा पीळ कटकन सुटला तरी तो झटकाच. भाच्याला म्हणावं, कॉलेजातल्या सरांना घेऊन ये आणि हा स्लॅब कागदावर सोडवून दाखव. मग बघू.

आता मूळ प्रश्न. हे लेथ उचलायलाच हवं का?

तुम्ही पत्रात चार कामं एकाच दोरीला बांधलीत : टेम्पोतून उतरवणं, गॅरेजात नेणं, चौथऱ्यावर बसवणं, आणि नंतर इंजिन. ती सुटी करून बघा. पहिलं आयुष्यात एकदाच होणार. दुसरं उचलायचं काम नाहीच, सरकवायचं आहे. तिसरं चार इंचांचं. चौथं कधीमधी, आणि बुलेटचं इंजिन दोन माणसं हाताने उतरवतात. एकदाच्या कामासाठी कायमचा होइस्ट घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वहिनींचं म्हणणं तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत, जरा वैतागूनच लिहिलंय. मला मात्र सगळ्या पत्रात तेच सर्वात पटलं.

टेम्पोतून उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, बोलवा. आदल्या दिवशी गल्लीत उभं राहून फक्त दोन गोष्टी बघा : गाडी वळेल का, आणि बूम (क्रेनचा हात) उभा होईल तिथे वर महावितरणच्या किंवा केबलवाल्याच्या तारा आहेत का. गल्ली अरुंद असेल तर भोसरीत मशीन शिफ्टिंगची कामं करणारी माणसं मिळतात, ती स्वतःच्या पहारी, पाइप आणि जॅक घेऊन येतात. तुमच्या जुन्या कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्याला एक फोन केलात तर नंबर लगेच मिळेल.

विकणाऱ्याच्या “पाचशे असेल”वर मात्र काहीही उभारू नका. येताना वाटेत वजनकाट्यावर टेम्पो घाला. जाताना रिकामा, येताना भरलेला, वजाबाकी करा. किरकोळ पैशांत खरा आकडा मिळतो. जुन्या ओतीव बेडची (बेड म्हणजे लेथचा लांब पाटा) लेथं दिसतात त्यापेक्षा जड निघतात. पुढच्या सगळ्या हिशेबाला मी ६०० धरतोय, तुम्ही तुमचा आकडा घाला.

उचलताना पट्टा बेडखालून घ्या, कडांना लाकूड किंवा जुन्या टायरचा तुकडा लावा. लीड स्क्रू, फीड रॉड किंवा स्पिंडल या फिरणाऱ्या दांड्यांना पट्टा टेकतासुद्धा कामा नये. लेथ हेडस्टॉककडे, म्हणजे डावीकडच्या गिअरच्या पेटीकडे, जड असतं, म्हणून बेडवर सरकणारे कॅरेज आणि टेलस्टॉक उजवीकडे सरकवून घट्ट करा आणि तोल बघा. आधी फक्त दोन इंच उचलायचं, थांबायचं, कुठे झुकतंय ते पाहायचं. झुकलं तर खाली टेकवून पट्टा सरकवायचा. हवेत असताना हाताने तोल साधायला जाणारे बरेच हात मी पाहिलेत, त्यांतल्या काहींना बोटं कमी आहेत.

जमिनीवर आलं की दोन्ही पायांखाली आडव्या जाड लाकडी बल्ल्या बोल्टने आवळा, लेथच्या पायांपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब. लेथ वर जड आणि खाली अरुंद असतं. सरकवताना ते पडतं ते नेहमी मागे किंवा पुढे, लांबीकडे नव्हे. मग खाली इंची पाइप, किमान तीन, आणि एक पुढे टाकायला हातात. शहाबादीच्या सांध्यांत पाइप अडकतो आणि फरशीचा कोपरा उडतो, म्हणून आधी जाड प्लाय अंथरा. दोघं पहारीने ढकलतात, तिसरा मागचा पाइप काढून पुढे टाकतो. चौथऱ्यावर चढवायचं तेही पहार आणि ठोकळ्यांनी : एक टोक अर्धा-पाऊण इंच उचलायचं, लगेच खाली फळी सरकवायची, मग दुसरं टोक. पहार निसटली तरी लेथ पाऊण इंचच खाली यावं, एवढाच या पद्धतीचा सगळा गाभा आहे. चार इंचांना तासभर लागेल, लागू द्या. फळी हाताने नव्हे, काठीने सरकवा.

तुमचं रोजचं जड काम तर वेगळंच आहे, आणि त्याचा पत्रात उल्लेखही नाही. आठ इंची फोर जॉ चक, म्हणजे काम धरणारा चार जबड्यांचा पंजा, वीसेक किलोचा. तो बदलताना तुम्ही पुढे वाकून, हात लांब करून धरणार, महिन्यातून चार वेळा, वयाच्या साठीत. पाठ जाते ती अशा कामांत. बेडवर बसेल असा लाकडी ठोकळा करा, वर चकच्या गोलाईची खाच. चक त्यावर ठेवायचा आणि सरकवत स्पिंडलपर्यंत न्यायचा. दुपारभराचं काम आहे. जमिनीवरून बेडच्या उंचीपर्यंत वस्तू आणायला पायाने पंप करायचं एखादं छोटं हायड्रॉलिक टेबल मिळालं तर तुमच्या वर्कशॉपात होइस्टपेक्षा त्याचा वापर दहापट होईल.

एवढं ऐकूनही टांगायची सोय हवीच असेल, तर ती स्लॅबला नको, जमिनीवर उभी राहणारी हवी. दोन ए-फ्रेम आणि वर १५० मिलीमीटरचा आय बीम, म्हणजे आपला आयएसएमबी १५०. मीटरला १५ किलोच्या आसपास वजन, म्हणजे ३ मीटरचा बीम ४५ किलोचा, दोघांना चढवता येतो. तीन मीटरच्या गाळ्यात मधोमध ६०० किलो टांगले तर तो बीम जेमतेम दोन-अडीच मिलीमीटर वाकेल, त्यातला ताण पोलादाच्या ताकदीच्या पाव भागापेक्षाही कमी. म्हणजे बीमची चिंता नाही. चिंता पायांची आणि जोडांची. फॅब्रिकेटरला सांगा, बीम आणि पाय यांत तिरपे टेकू हवेत, जोड बोल्टचे हवेत, आणि बीमच्या दोन्ही टोकांना ट्रॉली (होइस्ट टांगायची, बीमवर सरकणारी) थांबवणारे स्टॉपर वेल्ड केलेले हवेत. खाली चाकं लावा, पण ती रिकामी फ्रेम हलवायला. भार लटकत असताना फ्रेम ढकलायची नाही. शहाबादीच्या एका सांध्यात चाक अडकलं की वरचं ओझं पुढे जातं आणि फ्रेम मागे राहते. बंगला भिंतींवर उभा असेल तर गर्डर भिंतीतून भिंतीत, खाली टेकायला काँक्रीटचे ठोकळे घालून बसवणं हाही चांगला मार्ग आहे. पण त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंती बघायला हव्यात. आर्किटेक्टने नव्हे, ठेकेदाराने तर नव्हेच.

इथे एक गोष्ट सगळे विसरतात : उंची कुठे जाते ते. तुमचं गॅरेज ९ फूट, म्हणजे १०८ इंच. फ्रेम उभी करायला वर चार इंच मोकळे सोडा, सहा इंच बीमचे, चारेक इंच ट्रॉलीचे, आणि चेन ब्लॉक पूर्ण आवळला तरी वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत तेराएक इंच. हुक येतो ८१ इंचांवर, पावणेसात फूट. आता टेम्पोचा पाटा ३० इंच धरा, लेथच्या पायापासून हेडस्टॉकच्या माथ्यापर्यंत ४६, आणि पाटा सोडून वर यायला ६. बेरीज ८२. हेडस्टॉक हुकाच्या वर गेला! म्हणजे टेम्पोतून उतरवायचं काम तुमच्या गॅरेजातल्या कुठल्याही होइस्टने होणारच नव्हतं. छोटे इलेक्ट्रिक होइस्ट तर चेन ब्लॉकपेक्षाही जास्त उंची खातात. दुकानात जाण्याआधी टेपने ही बेरीज प्रत्येकाने करावी.

उंची कमी पडली की माणूस काय करतो? पट्टे आखूड करतो. आणि आखूड पट्टे म्हणजे पसरट कोन. ६०० किलो दोन पट्ट्यांवर उचलले आणि पट्ट्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर साधारण ३४६ किलो येतात. ९० अंशांना ४२४. १२० अंशांना पूर्ण ६००, म्हणजे दोन पट्टे असून एकाएवढंच काम. १५० अंशांपर्यंत पसरलात तर प्रत्येकावर ११५९. वजन वाढलेलं नाही, फक्त कोन वाढला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९१ साली मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. गिअरबॉक्स उचलायचा होता, वर जागा कमी, म्हणून मीच आखूड पट्टा घेतला आणि दोन आय बोल्टमधून (डोक्याला कडी असलेल्या बोल्टांतून) ओढला. १२ मिलीमीटरचा प्रमाणित आय बोल्ट सरळ वर ओढला तर ३४० किलो घेतो, ४५ अंशात ओढला तर २४० वर येतो, आणि कडीच्या आडव्या दिशेने ओढला तर त्याचा भरवसाच नाही. माझा आडवा होता. गिअरबॉक्स फूटभर वर गेला, तेवढ्यात चहा आला म्हणून मी मागे वळलो. कडी वाकून तुटली आणि गिअरबॉक्स माझे पाय होते तिथे पडला. तेव्हापासून मला चहाला कुणी नाही म्हणू देत नाही आणि मीही म्हणत नाही.

पट्टे नवेच घ्या. पॉलिस्टरच्या पट्ट्यांना रंगाची खूण असते : जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. लेबल फाटलेला, कडेला कापलेला किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पोळलेला पट्टा कुणी कितीही स्वस्त दिला तरी नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, इलेक्ट्रिक की चेन ब्लॉक. माझं उत्तर चेन ब्लॉक, हाताचा, १ टनी. त्या ४०० किलोच्या इलेक्ट्रिकमधले ४०० हे जोडकप्पी लावून दोरी दुहेरी केल्यावरचे असतात. सरळ एकेरी दोरीवर तो २०० किलोचाच. म्हणजे तुमचं लेथ त्याच्या आवाक्यातच नाही. शिवाय त्याची दोरी एकेरीत मिनिटाला १० मीटरच्या आसपास चालते, दुहेरीत निम्म्याने. बटण सेकंदभर दाबलंत तर भार ८ ते १६ सेंटीमीटर सरकतो. फाउंडेशन बोल्टवर मशीन बसवताना तुम्हाला मिलीमीटर हवे असतात. चेन ब्लॉक हातसाखळीच्या एकेका कडीने भार खाली सोडतो आणि साखळी सोडली की जिथल्या तिथे थांबतो, वीज गेली तरी. रोज पन्नास वेळा दहा मीटर वर पोती चढवायची असती तर मी इलेक्ट्रिक म्हटलं असतं.

घेताना आयएस ३८३२ ची खूण, क्षमतेची पत्र्याची पट्टी, चाचणीचं प्रमाणपत्र, ८० ग्रेडची साखळी आणि हुकाला स्प्रिंगची जीभ बघा. बोहरी आळीत विचारलंत तर दोन्ही प्रकारचा माल समोर येईल, पट्टी असलेला आणि नसलेला. जुन्या बाजारातला, नवा रंग मारलेला ब्लॉक मोह घालतो, पण रंगाखाली हुक किती उघडलाय ते कळत नाही. नव्या हुकाचं तोंड व्हर्नियरने मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे ते वाढलेलं दिसलं की ब्लॉक भंगारात. घरी आणल्यावर माहितीतलं वजन चार इंच उचला, साखळीवर खडूची खूण करा आणि पंधरा मिनिटं बघा. खूण हलली तर परत द्या. साखळीला तेल द्या, ब्रेकच्या झाकणात मात्र थेंबही जाऊ देऊ नका. ब्रेक कोरडा असतो म्हणूनच धरतो. आणि एका माणसाने ओढून भार हलत नसेल तर दुसऱ्याला हात लावायला सांगायचं नाही, काय अडलंय ते बघायचं. गाडी खेचायचा रॅचेटवाला वायर पुलर आडव्या ओढीसाठी असतो, टांगायला वापरू नका.

फ्लॅटमध्ये राहून पार्किंगात गाडीचं काम करणारेही मला लिहितात, त्यांच्यासाठी : पार्किंगचा बीम सोसायटीचा आहे, तुमचा नाही. घडीची इंजिन क्रेन घ्या. तिच्यावरचे “२ टन” हात सर्वात आखूड असतानाचे असतात. हात पूर्ण बाहेर काढला की बहुतेकींचे ५०० किलोच उरतात, आणि इंजिन गाडीत खोल असल्याने हात नेमका बाहेरच काढावा लागतो.

राहिलं “एकट्याला”. तुमच्या टूलरूममध्ये नवा पोरगा एकटाच मशीन हलवायला निघाला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? तुमच्या काळी कारखान्यात १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २९ प्रमाणे उचलायचं सामान वर्षातून एकदा सक्षम माणसाकडून तपासून घ्यावं लागायचं, म्हणून तुमच्या चेन ब्लॉकवर तारीख असायची. घरी तो इन्स्पेक्टर येत नाही, आणि शेजारी उभा राहून “थांब, पट्टा सरकतोय” म्हणणारा सहकारीही नाही. निवृत्तीनंतर हाका माराव्या लागू नयेत ही भावना मी समजू शकतो, मीही त्यातूनच गेलोय. पण साखळी ओढणाऱ्याची नजर साखळीवर असते. भाराकडे बघायला दुसरे डोळे लागतातच, ते मदतनिसाचे नसले तरी चालतील. भाच्याला बोलवा. स्लॅबचं गणित त्याला वर्गात शिकवतील, पहारीचं तुम्ही शिकवा. आणि भार लटकता ठेवून फोन घ्यायला, जेवायला जायचं नाही. आधी तो खाली टेकवायचा.

शेवटी तो फुकटचा वायर रोप. लिफ्टमधून तो काढला गेला यातच त्याचं उत्तर आहे. बाहेरून चकचकीत दिसला तरी आत तुटलेल्या तारा असू शकतात. तो परत देऊ नका आणि कपाटावरही ठेवू नका, नाहीतर एखाद्या घाईच्या दिवशी तुमचाच हात त्याच्याकडे जाईल. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक तार घट्ट गुंडाळा, कारण कापताक्षणी पीळ उसळून उघडतो. मग चष्मा लावून ग्राइंडरने हात-हात लांबीचे तुकडे करा आणि भंगारवाल्याला द्या.